मृणाल गोरे : भूमिका आणि विधिमंडळातील कामगिरी

विधानसभेची निवडणूक जवळ आली की मावळत्या आमदारांचे कार्यअहवाल घरोघरी पोहोचू लागतात. त्यांत समाजमंदिरे असतात, पेव्हर ब्लॉक असतात, गटारांवरची झाकणे असतात आणि उद्घाटनांची छायाचित्रे तर असतातच. विधानसभेत या आमदाराने कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर दुरुस्ती सुचवली, कोणत्या कायद्याला विरोध केला, यासाठी मात्र त्या गुळगुळीत कागदावर सहसा जागा उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निकालांनंतर उमेदवाराला शपथपत्रावर गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावे लागते. पण सभागृहातील कामाचा रकाना त्या शपथपत्रात नाही. कायदे करण्यासाठी निवडून द्यायच्या माणसाची ही बाजू मतदाराने स्वत:च शोधायची असते.

ती कशी शोधावी, याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे मृणाल केशव गोरे (जन्म २४ जून १९२८, निधन १७ जुलै २०१२) यांची कारकीर्द. समाजवादी पक्ष आणि नंतर जनता पक्ष यांच्या उमेदवार म्हणून त्या दोनदा विधानसभेत आणि एकदा लोकसभेत निवडून गेल्या. राज्यात मंत्रिपद त्यांनी कधी भूषवले नाही. विधानसभेतील दोन्ही कार्यकाळांत त्यांचा पक्ष अल्पसंख्य होता. त्यांच्या नावाने मंजूर झालेला एकही कायदा पुस्तकात सापडणार नाही. तरीही देशभर लागू असलेल्या एका कायद्याच्या मुळाशी गेले, तर वाट त्यांच्या एका अशासकीय विधेयकापाशी येऊन पोहोचते.

गोरेगावचे पाणी

वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आलेल्या मृणालताईंचे सार्वजनिक काम सुरू झाले ते गोरेगावात. पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांचे १९५८ मध्ये निधन झाले आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर नगरसेविका म्हणून निवडून आल्या. गोरेगाव बृहन्मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. उपनगरात वस्ती झपाट्याने वाढत होती. जलवाहिन्या मात्र तिच्या मागे रेंगाळत होत्या. झोपडपट्ट्यांची अवस्था तर त्याहून बिकट होती. अनधिकृत वस्तीला नळ दिला म्हणजे ती वस्ती मान्य केल्यासारखे होईल, अशी प्रशासनाची धारणा होती.

या धारणेला अगदीच आधार नव्हता असे नाही. मोकळ्या जमिनीवर आधी झोपड्या उभ्या करायच्या आणि मागाहून सोयी मागायच्या, असा व्यवहार करणारे झोपडीदादा त्या काळातही होतेच. मृणालताईंची भूमिका मात्र स्पष्ट होती. जमिनीचा वाद जमिनीच्या कायद्याने सोडवावा, पाणी तोडून नव्हे, असे त्या मांडत असत. हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे महापालिकेवर जाऊ लागले आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

धोरण म्हणून ही भूमिका फार उशिरा मान्य झाली. अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर दिला तो १५ डिसेंबर २०१४ रोजी. जगण्याच्या हक्काचा जो आधार न्यायालयाने घेतला, तो हंडा मोर्चातील बायकांना कायद्याच्या भाषेत सांगता आला नसता इतकेच. तोवर मृणालताई हयात नव्हत्या.

२७० जणांत तिघे

१९७२ च्या विधानसभा निवडणुकीत त्या मुंबईच्या पश्चिम उपनगरातून समाजवादी पक्षातर्फे निवडून आल्या. सभागृह २७० जणांचे होते. काँग्रेसचे २२२ आमदार आणि समाजवादी पक्षाचे अवघे ३. विधानसभा तेव्हा रीगल सिनेमाजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. पुढे त्याच वास्तूत राज्य पोलिसांचे मुख्यालय आले.

इतक्या विषम बळाच्या सभागृहात विरोधी आमदाराने करायचे काय? मतदानाने सरकारला हरवणे अशक्य. मग उरतात ती संसदीय आयुधे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, म्हणून तो अतारांकितपेक्षा अधिक अडचणीचा. लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली की मंत्र्याला त्या विषयावर निवेदन करावे लागते. कपात सूचनेच्या निमित्ताने एखाद्या खात्याच्या कारभाराची चिरफाड करता येते. अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव ही त्याच भात्यातील आणखी काही आयुधे. यांपैकी कशानेही कायदा होत नाही. पण मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते आणि ते पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. दक्ष आमदार या नोंदीवरच पुढचा प्रश्न उभा करतो.

मृणालताईंनी या आयुधांना रस्त्यावरच्या आंदोलनाची जोड दिली. १९७२ हे भीषण दुष्काळाचे वर्ष होते. रॉकेल, खाद्यतेल, साखर, धान्य यांचे भाव भडकले होते आणि शिधावाटप दुकानांपुढील रांगा लांबत होत्या. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवादी मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, कमल देसाई अशा एरवी एकमेकींच्या पक्षांवर कडाडून टीका करणाऱ्या स्त्रिया एका व्यासपीठावर आल्या. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. यातल्या बहुतेकींनी त्याआधी कधी मोर्चाचे तोंड पाहिले नव्हते. मागणी अगदी साधी होती. जीवनावश्यक वस्तू ठरावीक दरात आणि पुरेशा प्रमाणात शिधापत्रिकेवर मिळाव्यात. सकाळी दुकानावर जे दिसले ते दुपारी सभागृहात विचारायचे, अशी ही पद्धत होती.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, डिसेंबरमध्ये पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले आरोग्य खात्याचे मंत्रिपद त्यांनी नाकारल्याचे सर्वश्रुत आहे. लोकसभेचा तो कार्यकाळ अल्पजीवी ठरला. १९७९ मध्ये सभागृहच विसर्जित झाले.

गर्भजल परीक्षेचा प्रश्न

१९८५ मध्ये त्या जनता पक्षातर्फे पुन्हा विधानसभेत आल्या. सभागृह आता २८८ जणांचे होते आणि नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात भरत होते. काँग्रेसकडे १६१ जागा होत्या, जनता पक्षाकडे २०. याच कार्यकाळात त्यांच्या हातून विधिमंडळातील सर्वांत मोलाचे काम झाले.

गर्भातील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी असलेली गर्भजल परीक्षा सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुलगा आहे की मुलगी हे पाहण्यासाठी सर्रास वापरली जाऊ लागली होती. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने गर्भपात कायदेशीर झालेला. त्यामुळे चाचणी एका दवाखान्यात आणि गर्भपात शेजारच्या दवाखान्यात, असा सोयीचा व्यवहार रुळला. आज थोडे पैसे खर्च करा आणि उद्याच्या हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या. केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत अशा चाचण्यांना मनाई केली होती. परिणाम एवढाच झाला की सारा धंदा खासगी दवाखान्यांत गेला. तेथे हात घालण्यासाठी कायदाच नव्हता.

मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन गर्भलिंग निदान व लिंगनिवडीविरोधी मंच उभा केला. मंचाकडे माहिती होती, युक्तिवाद होते, पथनाट्ये होती. सभागृहात बोलणारे कोणी हवे होते. गोरेगावात १९८३ पासून ‘स्वाधार’ या केंद्रातून पीडित स्त्रियांच्या प्रकरणांशी रोजचा संबंध असलेल्या मृणालताईंना हा विषय समजावून सांगण्याची गरज नव्हती. गर्भलिंग चाचण्यांवर बंदी घालणारे अशासकीय विधेयक त्यांनी विधानसभेत मांडले.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. अधिवेशनकाळात त्यासाठी शुक्रवारचा ठरावीक वेळ राखून ठेवलेला असतो आणि तो बहुधा अपुरा पडतो. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात. संसदेत १९५२ पासून आजवर केवळ १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतला शेवटचा १९७० चा आहे. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की मग विधेयक मांडण्याचा खटाटोप तरी कशाला? पण अशा विधेयकाने सरकारची पंचाईत होते. विषयच नाही असे मग म्हणता येत नाही. विरोध करायचा तर मुलींच्या गर्भपाताच्या बाजूने उभे राहिल्यासारखे दिसते, पाठिंबा द्यायचा तर श्रेय विरोधकाला जाते. यातून सुटण्याची एक जुनी शासकीय वाट आहे. सदस्याला आश्वासन द्यायचे आणि स्वत:चे विधेयक आणायचे.

तसेच झाले. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्य सरकारने स्वत:चे विधेयक आणले. ते मंजूर होऊन ‘महाराष्ट्र प्रसवपूर्व निदान तंत्र वापर विनियमन अधिनियम, १९८८’ हा कायदा १० मे १९८८ पासून अमलात आला. अशा स्वरूपाचा हा देशातील पहिला कायदा. आनुवंशिक आजारांच्या निदानासाठी चाचणीची मुभा ठेवून लिंग सांगण्यासाठी तिचा वापर त्याने गुन्हा ठरवला. मूळ अशासकीय विधेयक अर्थातच मंजूर झाले नाही. संख्याशास्त्र एवढेच पाहणाऱ्याला मृणालताईंच्या खात्यावर येथे शून्य दिसेल.

कायद्याचे अपुरेपण

सरकारी कायदा आणि चळवळीची मागणी यांत अंतर राहिले. खासगी केंद्रांत अशा चाचण्या मुळीच होऊ नयेत, अशी मंचाची मागणी होती. कायद्याने त्यांना परवाना घेऊन काम करण्याची मुभा दिली. चाचणी करून घेणाऱ्या स्त्रीलाही दंडास पात्र ठरवणारी तरतूद तर अनेक कार्यकर्त्यांना अन्याय्य वाटली. मुलगा हवा या घरच्या दडपणाखाली दवाखान्यात आलेली बाई गुन्हेगार कशी, हा त्यांचा सवाल होता. शिवाय कायदा राज्यापुरता होता. सीमा ओलांडून गुजरातेत किंवा कर्नाटकात चाचणी करून येणाऱ्यांना अडवणार कोण?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संसदेने दिले. महाराष्ट्राच्या धर्तीवर प्रसवपूर्व निदान तंत्राचा केंद्रीय कायदा १९९४ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. स्त्रीवर पती किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे गृहीत धरण्याची तरतूदही त्यात आली.

अंमलबजावणी मात्र जवळपास नव्हती. मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ४ मे २००१ च्या आदेशाने न्यायालयाने केंद्र व राज्यांना कामाला लावले. दरम्यान तंत्रही बदलले होते. गर्भजल काढण्याऐवजी सोनोग्राफीने काम भागू लागले होते आणि गर्भधारणेपूर्वीच लिंग निवडण्याच्या पद्धतीही आल्या होत्या. २००३ च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या कक्षेत आणल्या आणि कायद्याचे नावही बदलले.

आता आकड्यांकडे पाहिले पाहिजे, कारण ते सुखद नाहीत. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ वर आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरले. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ते ८०७ होते. देशात सर्वांत आधी कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती! कायदा नसता तर घसरण याहून मोठी झाली असती, असा युक्तिवाद करता येतो. तो सिद्ध करणे कठीण आहे. परवाने, नोंदवह्या आणि तपासणी यांवर उभा असलेला कायदा तपासणारा अधिकारी जितका कडक तितकाच कडक असतो, हे १९८८ मध्येही मंचाचे कार्यकर्ते सांगत होते.

घरांचा प्रश्न

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरांतील अतिरिक्त जमीन सरकारकडे यायची होती. प्रत्यक्षात कलमांतील सवलतींचा आधार घेऊन मोठमोठे भूखंड सुटत गेले. अतिरिक्त जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठीच वापरावी, ही मृणालताईंची आणि त्यांचे सहकारी प. बा. सामंत यांची ठाम भूमिका होती. केवळ मागणी करून त्या थांबल्या नाहीत. नागरी निवारा परिषद स्थापन करून त्यांनी सरकारकडून गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सुमारे ६२ एकर जमीन मिळवली आणि तेथे सहा हजारांहून अधिक छोटी घरे सहकारी तत्त्वावर उभी राहिली. कायद्याचा उद्देश खरोखर पाळला तर काय होऊ शकते, याचे हे मुंबईतील दुर्मीळ उदाहरण. एरवी या कायद्याची आठवण निघते ती भूखंडांच्या भानगडींच्या संदर्भात. नोव्हेंबर २००७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा ठराव केला, तेव्हा दिंडोशीचा दाखला विरोधकांच्या हाताशी होता. ठराव मंजूर झाला.

विरोधी पक्षनेतेपद

डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवार यांनी आपली समाजवादी काँग्रेस मूळ काँग्रेसमध्ये विलीन केली आणि विधानसभेतील विरोधी बाके विरळ झाली. उरलेल्यांत कोणा एकाचे वर्चस्व नसल्याने विरोधी पक्षनेतेपद आळीपाळीने जाऊ लागले. मालेगावचे निहाल अहमद आणि शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील यांच्यानंतर १९८८-८९ मध्ये ते मृणालताईंकडे आले. त्याआधी या पदावर प्रतिभा पाटील ही एकच महिला (१९७९-८०) येऊन गेली होती. समोर मुख्यमंत्री म्हणून आता खुद्द शरद पवार होते.

१९९० नंतर मृणालताई विधिमंडळात नव्हत्या. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर उतरल्या आणि त्यांना अटकही झाली. त्या प्रकल्पाच्या विजेचा दर राज्याला झेपणार नाही, हा आंदोलकांचा मुद्दा २००१ मध्ये राज्य वीज मंडळानेच खरेदी थांबवल्यावर वेगळा सिद्ध करावा लागला नाही. १७ जुलै २०१२ रोजी वसई येथे त्यांचे निधन झाले. गोरेगावातील उड्डाणपुलाला आता त्यांचे नाव आहे.

त्यांची भाषणे, प्रश्न आणि विधेयके विधानसभेच्या छापील कार्यवृत्तांत आहेत. विद्यमान आमदारांचे प्रश्न आणि भाषणेही तेथेच नोंदली जातात. तारांकित प्रश्नांच्या याद्यांत प्रश्नकर्त्याचे नाव छापलेले असते. एकाच प्रश्नाखाली पंधरा-वीस आमदारांची नावे दिसली तर त्यांतील उपप्रश्न कोणी विचारले, हे कार्यवृत्त उघडूनच पाहावे लागते.